झिजलेल्या वहाणा

वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे वेतोबाचे देऊळ आहे. तेथे नवस फेडावयास आलेला माणूस केळ्यांचा घड आणि चामड्याच्या वहाणांचा जोड देवापुढे ठेवतो. या वहाणा माणसाच्या पायाला होतील अशा नसतात. चांगल्या हातभर लांबीच्या, जाड तळाच्या असतात, आणि त्या वाहण्यामागची श्रद्धा अशी, की गाव निजल्यावर देव शिवेपर्यंत फेरी घालतो आणि नित्याच्या या पायपिटीने त्याच्या वहाणांचे तळ झिजून जातात. लहानपणी आजोळी रात्री कुत्री एकाएकी भुंकू लागली, की आजी माझे पांघरूण सारखे करीत म्हणे, ‘‘गप नीज, वेतोबा फिरता हा.’’ तेवढ्याने भय मावळे. अंधारात कोणी दबक्या पावलांनी चालले आहे हे कळल्यावर जे मन खरे तर अधिकच घाबरावयाचे ते निश्चिंत होई, कारण चालणारा राखणदार आहे अशी खात्री पटलेली असे.

या अंकासाठी संपादकांनी ‘रात्र’ हा विषय कळविला तेव्हा मला प्रथम ही आठवण झाली, आणि तिच्या पाठोपाठ माझ्या भाचीचे एक पत्र आठवले. ती पॅरिसला भूशास्त्राचा अभ्यास करते. तिने लिहिले होते, की तिच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात, दिवसा पुस्तकांची बांधणी करतात, आणि पंधरवड्यातून एखाद्या रात्री कोणाच्या दृष्टीस न पडता शहराच्या निषिद्ध भागांत शिरतात; तेथून काही आणीत नाहीत, तेथे काही मोडीत नाहीत, आणि सकाळी हातपाय धुऊन कामावर रुजू होतात. ‘‘मामा,’’ तिने शेवटी लिहिले होते, ‘‘हे चोर नव्हेत एवढे मला ठाऊक आहे. मग कोण, ते तुम्ही येऊन पाहा.’’ वैशाखात मी गेलो.

जिन्याखालचे बूट

पॅरिसच्या चौदाव्या विभागात, दाँफेर-रोशरो चौकापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, भाचीची इमारत आहे. तिच्या जिन्याखाली, मुलांच्या सायकली आणि केरसुण्या यांच्यामध्ये, गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट उपडे करून ठेवलेले मी पहिल्याच दिवशी पाहिले. त्यांवर पिवळट करड्या चिखलाचा थर वाळला होता. बोट लावताच खडूच्या भुकटीसारखा तो गळून पडला. तळ टाचेच्या बाहेरच्या अंगाने इतके झिजले होते, की माणूस चालतो कसा हे बूट पाहूनच सांगता आले असते.

त्यांचे मालक पन्नाशीचे, सडसडीत अंगाचे, अतिशय हळू बोलणारे गृहस्थ निघाले. त्यांच्या बोटांना खळीचा वास होता. भाची दुभाष्याचे काम करीत होती, आणि ते तिला मध्ये पुरेसा वेळ मिळावा म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. अशा छंदिष्टांना फ्रेंचमध्ये ‘काताफील’ म्हणतात, म्हणजे भुयारांवर प्रेम करणारे. नाव विचारू नका, असे त्यांनी आरंभीच विनविले. खाली खरे नाव चालत नाही, टोपणनावच चालते, आणि ज्या सोबत्याबरोबर आपण वीस वर्षे उतरतो आहोत तो वर कोणत्या कचेरीत काय काम करतो हे आपल्याला आजतागायत ठाऊक नाही, असे त्यांनी सांगितले. हे सांगताना त्यांच्या स्वरात उणीव सांगितल्याचा भाव नव्हता. ज्या माणसाचा हुद्दा, उत्पन्न आणि पत्ता आपल्याला माहीत नसतो त्याच्याविषयी आपल्याला जे कळते ते केवळ त्याच्या वागण्यावरून कळते, आणि कमरेइतक्या पाण्यात, वाकून चालताना, दिवा विझल्यावर माणूस कसा वागतो एवढेच तेथे महत्त्वाचे असते.

त्यांनी पाठीवरची थैली माझ्यापुढे रिकामी केली. डोक्याला बांधावयाचा दिवा, दुसरा दिवा, त्या दोहोंवर विश्वास नको म्हणून मेणबत्त्या आणि काडेपेटी. पाणी, पाव, कोरडे मोजे, जखमेला बांधावयाच्या पट्ट्या. आणि मेणकापडात गुंडाळलेला नकाशा, ज्यावर तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत दुरुस्त्या केलेल्या होत्या. पूर्वी कार्बाइडचा दिवा नेत, असे ते म्हणाले. पाणी पडताच त्यातून वायू निघतो आणि पेटविल्यावर पांढरी, उष्ण ज्योत मिळते. तो दिवा मला अनोळखी नव्हता. आमच्या जत्रांतील खाजेवाले त्याच्या उजेडात रात्रभर विक्री करीत, आणि त्याचा लसणीसारखा उग्र वास खाजाच्या गुळात मिसळून राही.

मी विचारले, पहिल्या रात्री कशाने ओढून नेले? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की सतराव्या वर्षी थोरल्या भावाच्या मागोमाग ते उतरले आणि एका वळणावर त्यांना भिंतीत कोरलेले एका रस्त्याचे नाव दिसले. भावाने नकाशा पाहून सांगितले, की हा आपल्याच घरापुढचा रस्ता आहे. वर त्याचे नाव शंभर वर्षांपूर्वीच बदलले होते. ‘‘आमच्या गल्लीचे मूळ नाव मला घरात कोणी सांगितले नव्हते,’’ ते म्हणाले. ‘‘ते मला भिंतीने सांगितले.’’

शहराच्या पोटातील पोकळी

ती भिंत कोणी बांधली आणि तिच्यावर नाव का कोरले, हे समजून घेतल्यावाचून या लोकांचा छंद समजत नाही.

पॅरिस ज्या चुनखडीच्या दगडाचे बांधलेले आहे तो दगड पॅरिसच्याच पोटातून काढलेला आहे. नोत्र-दाम उभे राहिले, लूव्ह्र उभे राहिले, आणि जितके वर उभे राहिले तितके खाली पोकळ होत गेले. खाणकामगार प्रथम दगडाचेच खांब जागच्या जागी सोडून बाकीचा थर काढून नेत. पुढे दगड अधिक मिळावा म्हणून खांब न सोडता सगळाच थर काढू लागले आणि मागे बिनचुन्याच्या दगडी भिंती रचून त्यांच्या आड राडारोडा भरू लागले. या खाणी त्या काळी गावाबाहेर होत्या. शहर वाढत वाढत त्यांच्या माथ्यावर आले तोवर त्या कोठून कोठवर गेल्या आहेत याचे दफ्तर कोणाजवळच उरले नव्हते. १७७४ च्या डिसेंबरात एका रस्त्याचा सुमारे तीनशे मीटरांचा भाग खचून खाली गेला. त्या रस्त्याचे नाव ‘रू दाँफेर’, म्हणजे नरकाचा रस्ता, असे होते, आणि ते नाव या प्रसंगाच्या कितीतरी आधीपासूनचे होते.

सोळाव्या लुईच्या सरकारने १७७७ साली खाणींच्या निरीक्षणाचे स्वतंत्र खाते काढले आणि गियोमो नावाच्या वास्तुशिल्पज्ञाची त्यावर नेमणूक केली. या माणसाने जे केले त्याला, माझ्या मते, जगातील कोणत्याही राजधानीच्या कारभारात तोड नाही. आधी पोकळी कोठे आहे ते शोधावयाचे, मग वरच्या प्रत्येक सरकारी रस्त्याच्या बरोबर खाली, त्याच रेषेत, दगडी आधाराच्या भिंती बांधीत भुयार न्यावयाचे, आणि वरचा कोणता रस्ता आपण तोलून धरला आहे हे पुढच्या माणसाला कळावे म्हणून भिंतीवर त्याचे नाव कोरावयाचे. नावाखाली त्या वर्षीच्या कामाचा अनुक्रमांक, निरीक्षकाच्या नावाचे आद्याक्षर आणि साल. पॅरिसच्या खाली अशा रीतीने दुसरे पॅरिस तयार झाले, ज्यात घरे नाहीत, माणसे नाहीत, केवळ रस्ते आणि त्यांची नावे आहेत. पुढे राज्यक्रांती झाली, वरच्या रस्त्यांची नावे पालटली, आणि खालीही छिन्नी घेऊन माणसे उतरली ती शिलालेखांवरील राजचिन्हे, ती कमळासारखी फुले, तासून टाकण्यासाठी. परंतु नावे बहुतेक राहिली. स्मशाने भरून वाहू लागली तेव्हा १७८६ पासून त्यांतील हाडे याच खाणींच्या एका भागात आणून रचण्यात आली. सुमारे साठ लाख माणसांचा तो अस्थिसंचय आज प्रवासी तिकीट काढून पाहतात. तो पाहण्याचा मार्ग जेमतेम दीड किलोमीटरचा आहे. सगळी भुयारे मिळून पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक भरतात.

मला परवानगीने उतरता आले ते कोशँ नावाच्या मोठ्या रुग्णालयाच्या खाली, काप्युसँ नावाच्या जुन्या खाणीत. तेथील भुयारांची डागडुजी स्वयंसेवकांनी हाताने केली आहे, आणि आधी कळवून ठेवल्यास ते छोट्या जथ्यांना बरोबर नेतात. आम्हांला घेऊन जाणारे वृद्ध गृहस्थ चक्राकार जिन्याने पुढे उतरू लागले. जसजसे खाली जावे तसतसा वैशाखाचा दिवस अंगावरून उतरत गेला आणि तळाशी पोचलो तेव्हा शालीची आठवण झाली. तेथे बारा महिने चौदा अंशांच्या आसपास उष्मा असतो. पॅरिसमध्ये बर्फ पडो की उन्हाळा असो, त्या हवेला त्याची वार्ता नसते.

पंधरा-वीस पावलांवर त्यांनी दिवा भिंतीला टेकवून तिरपा धरला. उजेड समोरून पडला असता तर मला काही दिसले नसते. कडेने पडताच दगडातून अक्षरे वर आली. अनुक्रमांक, ‘ग’ हे आद्याक्षर आणि साल. अडीचशे वर्षांत तेथे वारा नाही, ऊन नाही, पाऊस नाही, त्यामुळे छिन्नीने सोडलेल्या कडा बोटाला अजून टोचत होत्या. ‘ग’ च्या वळणात एके ठिकाणी छिन्नी घसरली होती आणि कोरणाऱ्याने ती चूक दुसरा बारीक घाव घालून सावरली होती. त्या एका घावावर मी बराच वेळ बोट ठेवून उभा राहिलो. कोण होता, किती मजुरी मिळत होती, काही ठाऊक नाही. जेथे कोणी पाहावयास येणार नाही अशा ठिकाणी त्याने चूक सावरली होती.

मग गृहस्थांनी सर्वांना दिवे विझवावयास सांगितले. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे मला पापण्यांना हात लावून पाहावे लागले. भाचीने माझी बाही धरली. कोठेतरी पाण्याचा थेंब पडत होता आणि दोन थेंबांमधले अंतर आम्ही सर्वजण नकळत मोजत होतो.

वर येताना मला पुण्याचा कात्रजचा नळ आठवला. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत कात्रजच्या तलावापासून शहरातील हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणले गेले, आणि त्या मार्गावर वारा खेळावा व गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी जे बांधीव धुरांड्यासारखे मनोरे ठेवले त्यांना पुणेकर ‘उच्छ्वास’ म्हणतात. कित्येक उच्छ्वास घरांच्या आणि रस्त्यांच्या बांधकामात गडप झाले. आपल्या पायांखाली काय आहे हे विसरण्याची सवय केवळ पॅरिसकरांनाच आहे असे नव्हे.

मनाईहुकूम

२ नोव्हेंबर १९५५ पासून परवान्याशिवाय या भुयारांत जाण्यास मनाई आहे. मनाई मोडणाऱ्यास साठ युरोंचा दंड होतो, आणि खाली गस्त घालण्यासाठी पोलिसांचे खास पथक आहे. त्यांना हे लोक ‘काताफ्लिक’ म्हणतात. दोन्ही पक्षांत वैर फारसे नाही. पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांना आजवर तीनदा दंड झाला, आणि तिन्ही वेळा शिपायांनी, पुढच्या चौकात पाणी वाढले आहे, तिकडून जाऊ नका, असे बजावूनच पावती हाती दिली.

या मनाईच्या छायेत चालण्याची एक रीत तयार झालेली आहे. दुरून उजेड दिसला तर आपला दिवा खाली, पायांवर धरावयाचा. समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकणे हा अपमान समजतात. अरुंद भोकातून सरपटत जावे लागते, त्याला ते मांजराच्या दारावरून आलेला शब्द लावतात. तेथे आत शिरलेल्याने पलीकडे पोचल्याचा आवाज दिल्यावाचून दुसऱ्याने शिरावयाचे नाही. नवीन आलेल्याला प्रवेशाच्या जागा कोणी सांगत नाही. त्याला बरोबर नेतात, वर्षभर त्याचे वागणे पाहतात, आणि तो कचरा उचलून थैलीत घालतो की नाही यावरून पुढचे ठरवितात. काहीजण छोटी छापील पत्रके लिहून भिंतीच्या फटींत खोचून ठेवतात, कोणी कविता, कोणी एखाद्या दालनाचा इतिहास, आणि ज्याला सापडेल तो ते वाचतो. माझ्या यजमानांनी अशा शेकडो पत्रकांच्या प्रती स्वतः बांधून त्यांचे चार खंड केले आहेत. कातडी बांधणीचे ते खंड एखाद्या धर्मग्रंथासारखे त्यांनी माझ्या हातात दिले.

परंतु मनाई निष्कारण आहे असे मला म्हणवत नाही. २०१७ च्या जूनमध्ये दोन अल्पवयीन मुले आत वाट चुकली आणि तीन दिवसांनी शोधक कुत्र्यांच्या साहाय्याने सापडली, तेव्हा थंडीने त्यांच्या अंगातील उष्मा उतरला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चोरांनी भुयारातून एका तळघराची भिंत फोडून उंची मद्याच्या सुमारे तीनशे बाटल्या पळविल्या. भुयारातच फिलिबेर आस्पेर याची समाधी आहे. हा व्हाल-द-ग्रासच्या रुग्णालयाचा द्वारपाल. समाधीवरील लेखानुसार तो १७९३ साली आत हरवला आणि अकरा वर्षांनी त्याचा देह सापडला. कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून त्याची ओळख पटली असे सांगतात. ज्या माणसाजवळ इतक्या किल्ल्या होत्या त्याला एकही दार उघडता आले नाही, हा विचार माझ्या मनातून दोन दिवस गेला नाही.

आपल्याकडेही १८६० च्या दंडसंहितेने रात्रीच्या घरफोडीस दिवसाच्या घरफोडीहून जड शिक्षा ठेवली होती, आणि रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अशी तिची व्याख्या केली होती. कायद्याला अंधारात चालणाऱ्याचे मन दिसत नाही. त्याला घड्याळ आणि उंबरठा एवढेच दिसते, आणि निजलेल्या माणसाचे रक्षण करावयाचे तर त्याने तेवढेच पाहणे उचित आहे.

यजमानांनी मला बरोबर येण्याविषयी आडपडद्याने सुचविले. मी नको म्हणालो. मी त्या देशात पाहुणा होतो, भाचीचा वास्तव्याचा परवाना दरसाल नवा करून घ्यावा लागतो, आणि माझ्या एका रात्रीच्या कुतूहलासाठी तिच्या अर्जावर शेरा पडणे मला परवडणारे नव्हते. त्यांना हे कारण पटले. किंबहुना त्यामुळे त्यांचा माझ्यावरील विश्वास वाढला असे मला वाटले.

रँग्लर परांजप्यांचे शेजारी

रात्री लपून चढण्याउतरण्याच्या या छंदाची दुसरी मोठी परंपरा इंग्लंडात, केंब्रिज येथे आहे, आणि तिचा आरंभ शिस्तीतून झालेला आहे. रात्री ठरलेल्या वेळी कॉलेजांचे दरवाजे बंद होत, उशीर झालेल्या विद्यार्थ्याला भिंत चढून आत यावे लागे, आणि गरजेतून आलेली ही कला हळूहळू गरज सोडून स्वतःसाठीच वाढली. जेफ्री विंथ्रॉप यंग या ट्रिनिटीच्या विद्यार्थ्याने, जो पुढे गिर्यारोहक म्हणून नावारूपाला आला, १८९९-१९०० च्या सुमारास आपल्या कॉलेजच्या छपरांवर चढण्याचे मार्गदर्शक पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. आल्प्सच्या शिखरांचे वर्णन जितक्या गांभीर्याने करतात तितक्याच गांभीर्याने त्यात धुरांडी, पन्हाळी आणि कंगोरे यांचे वर्णन आहे.

ट्रिनिटीला लागूनच सेंट जॉन्स कॉलेज आहे. १८९६ ते १८९९ या वर्षांत आमचे रघुनाथराव परांजपे तेथे होते, आणि १८९९ साली ते गणिताच्या परीक्षेत अग्रस्थान मिळवून सीनियर रँग्लर झाले, ही वार्ता महाराष्ट्रात कशी साजरी झाली हे आमच्या वडील पिढीने आम्हांला अनेकदा सांगितले आहे. मुर्डीहून आलेला हा तरुण दिव्याच्या उजेडात गणिते सोडवीत असताना भिंतीपलीकडच्या छपरांवरून त्याच्याच वयाची मुले अनवाणी पायांनी, श्वास रोखून, चंद्रप्रकाशात सरकत असतील, हे चित्र मला मोहविते.

१९३७ साली ‘व्हिपलस्नेथ’ या टोपणनावाने ‘द नाइट क्लाइम्बर्स ऑफ केंब्रिज’ हे छायाचित्रांसह पुस्तक निघाले. लेखक नोएल सिमिंग्टन. १९५८ च्या जूनमध्ये सेनेट हाउसच्या छपरावर एके सकाळी ऑस्टिन मोटार उभी दिसली. रात्रीतून ती तेथे कोणी चढविली हे उघड व्हावयास वर्षे लागली. लोकांना ही मोटारच आठवते. मला मात्र यंगविषयी अधिक आदर वाटतो. पहिल्या महायुद्धात त्याचा एक पाय गेला आणि तो कृत्रिम पायाने पुन्हा आल्प्स चढला.

याच वळणाचा एक मनुष्य टोरांटोत होऊन गेला. जेफ चॅपमन त्याचे नाव. ‘निन्जालिशस’ या टोपणनावाने त्याने १९९६ पासून ‘इन्फिल्ट्रेशन’ हे छोटेखानी नियतकालिक चालविले, ज्यात मलनिःसारणाची भुयारे, रिकामी पडलेली हॉटेले आणि रुग्णालयांची तळघरे यांची वर्णने असत. तो दीर्घकाळचा रुग्ण होता, आणि २००५ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला. इमारतीच्या कोणत्याही भागास इजा करू नये, काही उचलू नये, हा त्याचा आग्रह होता. आणि चार भिंतींत अडकून पडलेल्या माणसाला त्या भिंतींपलीकडचा प्रत्येक दरवाजा किती मोलाचा वाटतो हे त्याच्या लिखाणाच्या ओळीओळींत आहे.

घड्याळ

आता पॅरिसमधील ज्या हकिगतीने मला सर्वांत अधिक गुंतविले तिच्याकडे वळतो.

पाँथेओं ही फ्रान्सच्या थोर पुरुषांची समाधी. व्होल्तेर तेथे आहे, रूसो आहे, व्हिक्तोर ह्यूगो आहे. तिच्या घुमटाखाली १८५१ साली फूकोने आपला लंबक टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखविले. त्याच वास्तूत १८५० च्या सुमाराचे, वाग्नेर यांच्या कारखान्याचे एक मोठे यांत्रिक घड्याळ आहे, आणि ते १९६० नंतरच्या दशकात बंद पडून तसेच गंजत राहिले होते. २००५ च्या सप्टेंबरात ‘उंटरगुंटर’ नाव घेतलेल्या एका लहान गटाने त्या वास्तूत रात्री शिरण्यास आरंभ केला. हा गट यूएक्स नावाच्या एका मोठ्या गुप्त मंडळाची शाखा होता. आपल्या मंडळाचा हेतू त्यांनी पुढे सांगितला तो असा, की सरकार डोळ्यांत भरणाऱ्या वारशाची निगा राखते. जो वारसा लहान आहे, आडबाजूला आहे, ज्याच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम नसते, त्याची निगा आम्ही राखतो.

घुमटाच्या पायथ्याशी एका पोकळ जागेत त्यांनी कारखाना थाटला. खुर्च्या नेल्या, मेज नेले, वीज ओढून घेतली. गटाबरोबर जाँ-बातीस्त व्हियो हा पेशाने घड्याळजी असलेला माणूस होता आणि त्याच्या देखरेखीखाली घड्याळाचा एकेक भाग उतरविण्यात आला, साफ करण्यात आला, दोर आणि कप्प्या बदलण्यात आल्या. ज्या दातेरी चक्रावर सगळी गती रोखून सोडली जाते ते निकामी झाले होते, ते नव्याने घडविण्यात आले. कोणीतरी लोखंडी गजाने ते मोडले असावे, दर आठवड्याला चावी देऊन कंटाळलेल्या एखाद्या नोकराने, असा त्यांचा तर्क होता. सुमारे वर्षभर हे चालले. दिवसा हजारो प्रवासी खालून जात होते, पहारेकरी फेऱ्या घालीत होते, आणि कोणाला पत्ता लागला नाही.

काम संपले, घड्याळ चालू लागण्याजोगे झाले, आणि तेथेच त्यांचे कौशल्य कुंठित झाले. असले घड्याळ आपोआप चालत नाही. त्याला नियमाने चावी देणारा माणूस हवा, आणि तो माणूस वास्तूच्या चाकरीतलाच हवा. गुप्तता राखावी तर घड्याळ बंद राहते, घड्याळ चालावे तर गुप्तता सोडावी लागते. त्यांनी गुप्तता सोडली. २००६ च्या शरदात त्यांनी स्वतः होऊन वास्तूच्या प्रशासकास भेटून सगळे सांगितले आणि वर नेऊन काम दाखविले. वर्षभराची साधना एका घटकेत अशी ओंजळीत धरून समोर ठेवणे, ती कोणत्या नजरेने पाहिली जाईल याची शाश्वती नसताना, याला मी धैर्य म्हणतो.

पुढे स्मारकांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेने फिर्याद गुदरली. २००७ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने गटातील लोकांना निर्दोष सोडले. घड्याळ दुरुस्त करणे हा गुन्हा ठरत नाही. घड्याळ मात्र पुन्हा थांबविण्यात आले.

मंडळाच्या दुसऱ्या एका शाखेचा बोभाटा त्याआधीच, २००४ साली, झाला होता. त्रोकादेरोजवळ, शायो राजवाड्याच्या खाली, सरावासाठी उतरलेल्या पोलिसांना एकाएकी कुत्री भुंकल्याचा आवाज ऐकू आला. आवाज ध्वनिफितीचा होता. पुढे गेल्यावर त्यांना दगडात पायरीपायरीने कोरलेली आसने, पडदा, चित्रपटांच्या फिती आणि शेजारी जेवणाची सोय असे एक संपूर्ण चित्रपटगृह सापडले. तीन दिवसांनी वीज कोठून येते हे तपासण्यास ते तज्ज्ञांसह परतले तेव्हा तारा कापलेल्या होत्या, सामान गेले होते, आणि जमिनीवर एक चिठ्ठी होती, शोधू नका अशी.

मी पाँथेओंमध्ये तिकीट काढून गेलो आणि पहिल्यांदा त्या घड्याळापुढे, नंतर लंबकापुढे उभा राहिलो. घुमटाच्या कडेची ती जागा मान मागे टाकून न्याहाळताना मला आमच्या सह्याद्रीतील मुले आठवली, जी शनिवारी रात्री शेवटच्या गाडीने निघतात, अंधारात गड चढतात, आणि रविवारभर टाक्यांतील गाळ पाट्या भरभरून उपसतात. त्यांतल्या कित्येकांनी मला सांगितले आहे, की परवानगीच्या कागदावर सही मिळेपर्यंत पावसाळा निघून जातो आणि टाके पुन्हा भरते. कागदाची वाट न पाहता जाणारेही त्यांत असतात. त्यांना कोणत्या शब्दाने ओळखावे हे महसूल खात्याने अद्याप ठरविलेले नाही, आणि माझ्याजवळ तर आजीने दिलेला एकच शब्द आहे.

पावाचे दुकान

निघण्याच्या आदल्या रात्री यजमान उतरणार होते. ‘‘पहाटे पाचला कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे या,’’ ते म्हणाले होते.

भाची आणि मी साडेचारलाच जाऊन उभे राहिलो. रस्ते धुणारी गाडी पुढे निघून गेली. दुकानाची फळी अर्धी उघडली होती आणि आतून भट्टीचा उबारा पायांवर येत होता. पाच वाजून गेले, सव्वापाच झाले. भाची बोलेनाशी झाली. फिलिबेरची समाधी आम्हां दोघांच्याही मनात होती, पण तिचा विषय कोणी काढला नाही.

मग रस्त्याच्या पलीकडून ते आले, एकटेच, हळू. मांड्यांपर्यंत तोच पिवळट करडा चिखल, डोक्याचा दिवा काढून खिशात घातलेला, डोळे जागरणाने आत गेलेले. त्यांनी आम्हांला पाहून मान लवविली. थैलीतून रिकाम्या डब्यांची आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांची एक मोठी पिशवी काढून कचऱ्याच्या पिंपात टाकली. ती त्यांची नव्हती, ती खाली दुसऱ्या कोणी टाकून गेलेली होती.

दुकानात काम करणारी बाई पिठाने माखलेले हात पुशीत बाहेर आली. तिने त्यांच्या बुटांकडे पाहिले, काही न विचारता आत गेली, आणि कालचे वर्तमानपत्र आणून उंबऱ्याच्या आत नीट पसरले. ते त्याच्यावर उभे राहिले आणि त्यांनी दोन पाव मागितले.